शहरातील हिरव्या जागा आणि गोम-वाणींची पाहणी

मृगाच्या सरी पडून गेल्या, की शाळेच्या पडवीत, पाणवठ्याच्या काठी आणि कुंपणाच्या कडेने वाणी दिसू लागतात. मुलांना त्यांची फार गंमत वाटते. काडीने डिवचले की त्या वेटोळे घालून स्वस्थ पडतात, आणि ते वेटोळे नाण्यासारखे दिसते म्हणून त्यांना ‘पैसा’ असेही नाव पडले आहे. गोम दिसली म्हणजे मात्र वर्गात आरडाओरड होते, कोणीतरी चप्पल घेऊन धावते आणि क्षणार्धात तिचा निकाल लागतो. एका वर्गातील या दोन जीवांविषयी लोकांची वृत्ती इतकी भिन्न का, याचे उत्तर त्यांच्या शरीररचनेत आणि आहारात आहे. तेथूनच आपण आरंभ करू.

दोन्ही प्राणी बहुपाद वर्गातील. दोघांचेही शरीर अनेक वलयांचे बनलेले असते. गोमेच्या प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी असते व ते पाय बाजूंना पसरलेले असतात. शरीर चपटे, चाल वेगाची. वाणीच्या बहुतेक वलयांना मात्र पायांच्या दोन दोन जोड्या असतात. मानेलगतच्या वलयाला पाय नसतात आणि त्यापुढील तिघांना एकेकच जोडी असते, एवढाच अपवाद. वाणीचे शरीर बहुधा गोल, पाय आखूड, चाल संथ. गोम मांसाहारी आहे. तिच्या पायांची पहिली जोडी पुढे वळून विषनख्यांत रूपांतरित झालेली असते. आपण ‘गोम चावली’ म्हणतो, परंतु खरे पाहता ती या नख्यांनी डसते. वाणी कुजलेली पाने व लाकूड खाते. तिला डसता येत नाही. शरीराच्या बाजूंच्या छिद्रांतून उग्र वासाचा द्रव सोडणे हेच तिचे संरक्षण. त्या द्रवाने बोटांना डाग पडतात आणि डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते.

येथे गणिताच्या तासाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. पुस्तकांत गोमेला ‘शतपाद’ म्हणतात, परंतु तिला शंभर पाय असत नाहीत. प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्यांची संख्या, एखादी विकृती सोडली तर, नेहमी विषम असते: काही जातींत १५, मोठ्या गोमेत २१ किंवा २३, आणि मातीत राहणाऱ्या दोऱ्यासारख्या जातींत २७ पासून १९१ पर्यंत. शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, आणि पन्नास ही सम संख्या! पाचवीच्या मुलांपुढे हा प्रश्न ठेवून पाहावा. उत्तर ती स्वतःच काढतात. ‘सहस्रपाद’ हे नावही दीर्घकाळ अतिशयोक्तच होते. २०२१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली साठ मीटर खोलीवर १,३०६ पायांची एक जात आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे ते नाव सार्थ झाले.

जगात गोमेच्या सुमारे तीन हजार व वाणीच्या बारा हजारांहून अधिक जातींची शास्त्रशुद्ध नोंद झाली आहे, आणि नवी भर सतत पडते आहे. ती केवळ घनदाट अरण्यांतूनच पडते, असे मात्र नाही. न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी ‘सेंट्रल पार्क’ नावाचे ८४३ एकरांचे उद्यान आहे. त्याचा आराखडा १८५८ साली ओल्मस्टेड व वॉक्स या दोघांनी केला. तेथील टेकड्या, तळी, झाडी बहुतांशी माणसाने रचलेली. मातीसुद्धा बाहेरून गाड्या भरभरून आणलेली. भोवती ऐंशी लाखांहून अधिक वस्ती. अशा ठिकाणी पालापाचोळा चाळताना एक सेंटिमीटरभर लांबीची, ४१ जोड्या म्हणजे ८२ पायांची एक गोम सापडली. ती शास्त्राला सर्वस्वी अपरिचित होती. जातच नव्हे, तर तिची प्रजातीही नवी ठरली. २००२ साली हे जाहीर झाले आणि बहुपादांचे अभ्यासक रिचर्ड हॉफमन यांच्या नावावरून तिला ‘नॅनारुप हॉफमनी’ असे नाव मिळाले. तिचे निकटचे सोयरे पूर्व आशियात आढळतात. त्यावरून, कुंडीतील रोपांच्या मातीबरोबर ती तेथून आली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. ती मूळची कोठलीही असो, लक्षावधी लोक ज्या पानांवरून चालत गेले त्या पानांखाली ती नांदत होती आणि पाचोळा चाळीपर्यंत कोणाला तिचा पत्ता नव्हता.

दुसरे उदाहरण लॉस एंजेलिस शहराच्या परिसरातील आहे. तेथे मातीत राहणारी, आंधळी, पेन्सिलीच्या शिशाएवढ्या जाडीची आणि ४८६ पायांची एक वाणी सापडली. तिचे वर्णन २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिचा सुगावा प्रथम लागला तो हौशी निसर्गनिरीक्षकांनी काढून पाठविलेल्या छायाचित्रांवरून. शिक्षकांनी हे विशेषत्वाने ध्यानात घ्यावे, कारण पहिले निरीक्षण करण्यास पदवी लागत नाही.

शहरातच अशी पाहणी का करावयाची, असा प्रश्न साहजिक आहे. गोम व वाणी या दोहोंच्या कातडीवर कीटकांसारखा पाणी रोखणारा मेणाचा थर नसतो, आणि त्यांची श्वसनछिद्रेही कीटकांप्रमाणे घट्ट मिटत नाहीत. त्यामुळे कोरड्या हवेत त्या लवकर सुकून मरतात. ओल, सावली व पाचोळा यांवाचून त्यांचा निभाव लागत नाही. पंख नसल्याने एका बागेतून दुसऱ्या बागेत, मध्ये डांबरी रस्ता असेल तर, त्यांना जाता येणे कठीण. म्हणून बागेतील जमिनीचे आरोग्य कसे आहे, पाचोळा राहू दिला जातो की रोज झाडून जाळला जातो, याची साक्ष त्या देतात. शिवाय शहरातील बागेत दूरदेशीचे पाहुणेही भेटतात. रोपवाटिकेतील कुंड्या हे त्यांचे वाहन. ‘ट्रिगोनिउलस कोरॅलिनस’ ही गंजाच्या रंगाची वाणी मूळची आग्नेय आशियातील, परंतु आज ती उष्ण प्रदेशांत दूरवर पसरली आहे व भारतातही आढळते. जुन्या झाडीचा तुकडा आणि नव्याने हिरवळ लावलेली बाग यांची तुलना केल्यास स्थानिक कोण व पाहुणे कोण, हे कळू लागते.

आपल्याकडे मुंबईची राणीची बाग, पुण्यातील एम्प्रेस गार्डन व टेकड्या, नागपूरची सेमिनरी हिल्स अशा जागा आहेत. सहलीच्या निमित्ताने मुलांना तेथे नेणे घडते, पण पाहणीसाठी संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि तेथून एकही जीव उचलून आणू नये. माझे मत असे, की आरंभ तालुक्याच्या गावातील नगरपरिषदेच्या बागेपासून व आपल्या शाळेच्या आवारापासून करावा. एकाच पद्धतीने दोन्हीकडे पाहिले, तर खेडे व शहर यांची तुलना मुलांच्या हाती आपोआप येते.

आता पद्धत. बांबूच्या कामट्यांची अर्धा मीटर लांब व अर्धा मीटर रुंद अशी चौकट करावी. ती पाचोळ्यावर ठेवून आतील सर्व पाने, वरच्या भुसभुशीत मातीसह, खुरप्याने गोळा करून धान्याच्या मोठ्या भोकांच्या चाळणीत घालावी. खाली पांढरे कापड अंथरावे आणि चाळण हलवावी. बारीक जीव कापडावर पडतात व पांढऱ्या पार्श्वभूमीवर चटकन दिसतात. प्रत्येक ठिकाणी निदान चार चौकटी घ्याव्यात, आणि त्यांच्या जागा आधी ठरवाव्यात. जेथे जीव दिसतील तेथेच चौकट ठेवण्याचा मोह मुलांना होतो. तो आवरला नाही तर पाहणीला अर्थ राहत नाही.

चाळणीतून जे सुटते त्यासाठी नरसाळ्याची युक्ती आहे. इटलीचे बेर्लेझे यांनी १९०५ साली ती काढली व स्वीडनचे तुलग्रेन यांनी पुढे दिव्याची जोड दिली. मोठी प्लॅस्टिकची बाटली आडवी कापून वरचा भाग उलटा नरसाळ्यासारखा बसवावा, त्यात मच्छरदाणीच्या जाळीपेक्षा थोडी मोकळी जाळी ठेवून वर पाचोळा पसरावा आणि दिव्याची ऊब द्यावी. पाचोळा वरून वाळत जातो, तसतसे ओलीच्या शोधात जीव खाली सरकतात व तळाच्या भांड्यात पडतात. प्रयोगशाळेत त्या भांड्यात मद्यार्क असतो. शाळेत ओला कागद ठेवावा, म्हणजे मोजून झाल्यावर जीव होते तेथे सोडता येतात. मात्र गोमा सापडल्यास त्या लगेच निरनिराळ्या डब्यांत ठेवाव्यात, नाहीतर सकाळी मोजणीला एकच उरण्याचा संभव असतो! दिवा पाचोळ्याला टेकणार नाही आणि शाळा सुटल्यावर पेटता राहणार नाही, हे शिक्षकाने स्वतः पाहावे.

नोंदवहीत तारीख, वेळ, जागा, आदल्या दिवशीचा पाऊस, सावली, पाचोळ्याची जाडी, शोधणारांची संख्या व लागलेली मिनिटे लिहावीत. शेवटच्या दोन बाबी हटकून विसरल्या जातात. समजा, एका बागेत तीन मुलांनी वीस मिनिटे शोधून बारा वाणी मोजल्या आणि दुसरीत सहा मुलांनी तीस मिनिटे शोधून अठरा. वरवर पाहता दुसरी बाग संपन्न. परंतु पहिलीत साठ मनुष्य-मिनिटांना बारा पडतात आणि दुसरीत एकशे ऐंशींना अठरा, म्हणजे साठांना सहाच. काही न सापडले, तर ‘शून्य’ असे स्पष्ट लिहावे. रकाना कोरा ठेवला तर शोध घेतला की नाही, हेच कळत नाही.

जातीचे नाव लिहिण्याचा आग्रह धरू नये. वाणीच्या अनेक जाती बाहेरून हुबेहूब सारख्या असतात व प्रौढ नराच्या प्रजननासाठी बदललेल्या पायांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यावाचून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. ‘गोल लांब वाणी’, ‘चपटी वाणी’, ‘गोळी होणारी’, ‘मोठी गोम’, ‘दोऱ्यासारखी गोम’, ‘लांब पायांची गोम’ एवढे गट शाळेला पुरेत. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. चुकीच्या लॅटिन नावापेक्षा खरे मराठी वर्णन अधिक उपयोगी पडते.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. जेथे गोम राहते तेथेच विंचू राहतो, आणि कोकणात व अन्यत्र फुरसेही. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून अशी अनेक मुले वाचली, परंतु वेळेवर दवाखान्यात पोहोचणे अटळच आहे. म्हणून दगड व ओंडके उलटण्याचे काम मुलांकडे देऊ नये. ते शिक्षकानेच, पायांत बूट घालून, काठीने किंवा लोखंडी आकड्याने करावे. दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचलावी. त्यायोगे खालचा जीव पलीकडे निघून जातो आणि मध्ये दगडाची आड राहते. मुलांनी तीन हात दूर उभे राहावे. पाचोळ्यात हात न घालता खुरपे वापरावे. कापडावर चाळलेले मोजण्याचे काम मुलांना द्यावे, तेही डोळ्यांनी व मऊ कुंचल्याने. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

गोम डसल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी. वेदना व सूज येते. ती बहुधा ओसरते. मूल लहान असेल, श्वासाला त्रास होत असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, अथवा डसले ते गोम की विंचू याचा संशय असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. मंत्र, पाला, लेप यांत घटका घालवू नये.

एका केंद्र संमेलनात एका शिक्षिकेने मला विचारले, की विदर्भ-मराठवाड्यात वाणी कपाशीची व सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडते, शेतकरी तिच्यामुळे हवालदिल होतो. मग मुलांना आम्ही तिचे कौतुक कसे शिकवावे? प्रश्न रास्त होता. कौतुक शिकवावे असे मी म्हणत नाही. तीच वाणी झाडाखाली पाने कुरतडून त्यांचा चुरा करते, सूक्ष्मजीवांचे काम सोपे करते आणि खत होण्यास हातभार लावते; शेतात कोवळ्या अंकुराची गाठ पडली तर तोही खाते. बांधावर किती, पिकात किती, पेरणीनंतर कितव्या दिवशी, हे मुलांनी मोजून आणले तर ती वही शेतकऱ्यालाही वाचावीशी वाटेल. ज्यांचे वडील फवारणीच्या खर्चाने गांजले आहेत, त्या मुलांसाठी ही नुसती निसर्गाभ्यासाची हौस नव्हे.

शाळेच्या आवारातील पाचोळा रोज गोळा करून जाळण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे आणि स्वच्छतेच्या नावाखाली तिचे गुणही घेतले जातात. वर्गासमोरचे अंगण झाडावे, त्याबद्दल वाद नाही. परंतु वर्गखोल्यांपासून दूर, मुले खेळत नाहीत अशा कोपऱ्यात, एखाद्या झाडाखाली चार हात जागा दोरी बांधून यंदा न झाडता ठेवावी. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ऑगस्टमध्ये व दिवाळीच्या सुटीनंतर अशी तीन वेळा तेथे व झाडलेल्या जागी चौकट ठेवावी. पावसाळ्यात मोठी गोम अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली आढळण्याचा संभव आहे. आई पिलांची राखण करते. ती त्रासली तर अंडी टाकून देते वा खाऊनही टाकते. तशी दिसल्यास मुलांना दुरूनच दाखवावी, वहीत वेळ लिहावी आणि दगड होता तसा अलगद परत ठेवावा.