सापाकडून घेतलेले डाव

श्रावण लागला की आपल्याला नागपंचमी आठवते. पाटावर काढलेला नाग, लाह्या-दुधाचा नैवेद्य, उकडलेली दिंडं, आणि त्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही हा आजीचा दंडक. भोपाळात राहणाऱ्या आपल्या मंडळींना या सणाची आणखी एक बाजू माहीत आहे. इकडे नागपंचमी हा आखाड्याचाही सण असतो. पैलवान आखाड्याच्या मातीची पूजा करतात, दंगली भरतात, कुस्त्या रंगतात.

साप आणि कुस्ती यांचं नातं जोडणारे आपण एकटेच नाही. चीनमध्ये सापाच्या हालचालींवरून लढण्याच्या शैलीच तयार झाल्या. तुलसी नगराशेजारी तात्या टोपे स्टेडियम असल्यामुळे वुशू, कराटे हे शब्द आता आपल्या घरांत नवे राहिलेले नाहीत. तेव्हा साप होऊन लढायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि आपल्या परंपरेत तसं काही आहे का, हे या निमित्ताने समजून घेऊ.

चिनी सर्पशैली

चिनी भाषेत या शैलीला 'शे छ्वान' म्हणतात. 'शे' म्हणजे साप आणि 'छ्वान' म्हणजे मूठ, म्हणजेच मुष्टियुद्ध. दक्षिण चीनमधल्या शाओलिन परंपरेत पाच प्राणी मानतात : वाघ, बिबट्या, क्रौंच पक्षी, साप आणि ड्रॅगन. शिंग-यी या दुसऱ्या पद्धतीतल्या बारा प्राण्यांतही साप आहे. बागेत सकाळी संथपणे केल्या जाणाऱ्या ताई-चीमध्येसुद्धा एका हालचालीचं नाव 'साप खाली सरपटतो' असं आहे, तर दुसरीचं 'पांढरा साप जीभ काढतो'.

सापाला हात-पाय नाहीत, त्याची सगळी ताकद कण्यात. माणसाच्या कण्यात ३३ मणके असतात, सापाच्या कण्यात जातीप्रमाणे दोनशेपासून चारशेपर्यंत. त्यामुळे या शैलीत पहिला भर खांद्यांवर नसून कंबर आणि पाठ मोकळी करण्यावर असतो. हाताची बोटं जुळवून फणा करतात. समोरच्याचा ठोसा आला की तो ताकदीने अडवायचा नाही. आपला हात त्याच्या हाताला विळखा घातल्यासारखा लपेटून त्याची दिशा बदलायची. अंग शेवटच्या क्षणापर्यंत सैल ठेवायचं, मग एकदम झेप, आणि तितक्याच वेगाने माघार. बोटांनी हाड मोडत नाही, म्हणून मारा डोळे, गळा अशा नाजूक जागांवर असतो. अंगाने लहान असलेल्या माणसाने धिप्पाड माणसाशी कसं लढावं, याचं हे उत्तर आहे.

आपल्यापैकी अनेकांनी ही शैली पहिल्यांदा जॅकी चॅनच्या १९७८ सालच्या 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' या चित्रपटात पाहिली असेल. त्यातला नायक मांजर आणि नाग यांची झुंज पाहून आपल्या सर्पशैलीत सुधारणा करतो. ही कल्पना चित्रपटवाल्यांना आयती मिळाली होती. कारण चिनी दंतकथांमध्ये हेच पुन्हा पुन्हा येतं. साप आणि पक्षी यांची झुंज पाहून चांग सान-फेंग या साधूला ताई-ची सुचली, आणि साप व क्रौंच यांची झुंज पाहून एका बौद्ध भिक्षुणीने विंग चुन शैली रचली, असं सांगतात.

आपली गोष्ट : दादा आणि वानर

ही गोष्ट वाचताना मराठी माणसाला बाळंभटदादा देवधर आठवायला हवेत. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल आले आणि त्यांनी आव्हान दिलं. बाळंभटदादांनी ते स्वीकारलं आणि मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगीला जाऊन त्यांनी आराधना केली, तिथे प्रत्यक्ष मारुतीने त्यांना लाकडी खांबावरच्या उड्या आणि पकडी दाखवल्या, आणि परत येऊन त्यांनी गुलाबला हरवलं, अशी कथा आहे. आपल्या मल्लखांबाचा उगम असा सांगितला जातो.

इतिहास थोडा वेगळा आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख आढळतो. म्हणजे बाळंभटदादांनी जुन्या विद्येला नवं रूप आणि शिष्यपरंपरा दिली, असं म्हणणं योग्य. पण म्हणून कथा टाकून द्यायची गरज नाही. चिनी कथा असो वा आपली, शिकणाऱ्याला ती एकच सांगते : आधी नीट बघायला शीक.

आपल्याकडचा साप

'घेरंडसंहिते'तल्या ३२ आसनांमध्ये भुजंगासन आहे, आणि सूर्यनमस्कार घालताना आपण रोज फणा काढतोच. केरळच्या कलरीपयट्टूमध्ये प्राण्यांवरून घेतलेले पवित्रे आहेत, त्यांत सर्पाचाही आहे. मल्लखांबात खांबाला लपेटत जाण्याच्या एका प्रकाराला 'वेल' म्हणतात. चिनी गुरूला तिथे साप दिसला असता, आपल्या वस्तादांना वेल दिसली. हालचाल मात्र जवळची आहे.

खऱ्या सापांची कुस्तीही आपल्याच शेतांत होते. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक त्याला मीलन समजतात. पुष्कळदा ते दोन नर असतात. चावा न घेता, दुसऱ्याचं डोकं खाली दाबून त्याला चीत करायचं, एवढाच तो डाव.

नक्कल म्हणजे सोंग नव्हे, हे इथे लक्षात येतं. प्राण्याचा एकच गुण उचलायचा, जो आपल्या शरीरात कमी आहे, आणि तो सरावाने अंगी आणायचा. सापाकडून लवचिकपणा आणि संयम, वानराकडून पकड आणि झेप.

मुलांसाठी

म्हणून 'चिनी की आपलं' या वादात मुलांना अडकवू नये. वुशू आवडत असेल तर जरूर शिकू द्या, पण प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. मोबाइलवर पाहून भावंडांच्या डोळ्यांपाशी बोटांचे वार करणं हा खेळ नाही. त्यात डोळाही जाऊ शकतो आणि बोटही मोडू शकतं.

पण मल्लखांब त्यांनी एकदा तरी जवळून पाहावा, अशी आमची कळकळ आहे. २०१३ साली मध्य प्रदेशाने त्याला राज्य खेळाचा दर्जा दिला. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पेशवाईतला हा खेळ या मातीत रुजला आहे, वाढतो आहे. शेजारच्या नगराला आणि स्टेडियमला ज्यांचं नाव आहे, ते तात्या टोपेही मूळचे येवल्याचे. त्याच बाजीरावांच्या आश्रयाने त्यांचं कुटुंब ब्रह्मावर्ताला गेलं. एवढा जवळचा धागा असताना आपल्या मुलांना मल्लखांब फक्त प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथातून कळावा, हे काही बरं नाही.

या नागपंचमीला पूजा झाली की मुलांना एवढंच विचारा : साप चालतो कसा? मग जमिनीवर पालथं पडून हातांचा आधार न घेता फणा काढायला सांगा. आपणही काढून पाहू. कोणाचा कणा किती मोकळा आहे, ते लगेच कळेल.