अनोळखी तळं आणि कणकेच्या गोळ्या

गळ टाकून बसणं हा बायकांचा उद्योग नव्हे, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. मासळी विकायची, निवडायची, धुवायची, तळायची ती बायकांनी. पाण्याकाठी काठी धरून तंद्री लावायची ती मात्र पुरुषांनी! हे वेड तसं फार जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (तो इ.स. 1130च्या सुमाराचा) राजाच्या करमणुकींमध्ये गळाने मासे धरण्याचं एक प्रकरणच आहे. कोणत्या माशाला कोणतं आमिष आवडतं, इथपर्यंत तपशील दिलेत त्यात. इंग्लंडमध्ये या विषयावरचं पहिलं छापील पुस्तक 1496 साली निघालं आणि ते डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर सांगितलं जातं. ते खरोखर त्यांनीच लिहिलं का, यावर तिकडचे पंडित अजून वाद घालतात. (पुरुषाचं नाव असतं तर घातला असता का, कोण जाणे!) पण जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंबद्दल वाद नाही. त्यांनी 7 ऑक्टोबर 1922 रोजी स्कॉटलंडमधल्या टे नदीत 64 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 29 किलोंचा सामन मासा गळाने धरला. ब्रिटनमधला तो विक्रम शंभर वर्षं उलटली तरी कुणाला मोडता आलेला नाही.

मैत्रिणींनो, हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्न होऊन 1986 साली त्या लेस्टरला गेल्या, त्या तिथल्याच झाल्या. त्यांच्या यजमानांना शेजारच्या इंग्रज गृहस्थांमुळे गळाचा नाद लागला. दर रविवारी पहाटे डबा घेऊन तळ्यावर! वन्सं चिडायच्या, फोनवर आमच्यापाशी गाऱ्हाणी सांगायच्या. 2019च्या थंडीत भाऊजी अचानक गेले. गॅरेजमध्ये काठ्या तशाच उभ्या राहिल्या. मुलगा दूर कॅनडात. त्यात करोना आला आणि वन्सं घरात अगदी एकट्या पडल्या.

तिकडे टाळेबंदी सैल होऊ लागली तेव्हा ज्या थोड्या गोष्टींना आधी मुभा मिळाली, त्यात गळाची मासेमारी होती. 13 मे 2020 पासून. एकट्यानं, लांब लांब बसून करायचा खेळ, त्याला कोण कशाला अडवेल? भाऊजींच्या क्लबातल्या एकांनी फोन केला, ‘काठ्या गंजून जातील, घेऊन या.’ वन्सं गेल्या. मला त्यांनी हे कळवलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘अगं, चार महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी भाजीच्या भावाखेरीज दुसरं काही बोललं.’’

मी आमच्या गावात निराधार योजनेचे अर्ज भरून द्यायचं काम करते. नवरा गेलेल्या कितीतरी जणी माझ्या पडवीत येऊन बसतात. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आम्ही तो छापून घरोघरी वाटला होता. बांगड्या राहतात हो, पण दुपारचे चार तास कसे घालवायचे, हे त्या ठरावात कुठून असणार? म्हणून वन्संचं हे मासे प्रकरण मला बघायचंच होतं. 2024च्या जूनमध्ये योग आला.

त्यांच्या क्लबाचं स्वतःचं एक तळं आहे. तिथली खोली, दगड, झाडांची मुळं भाऊजींनी एका जाड वहीत मराठीतून लिहून ठेवलेली. कुठल्या महिन्यात कुठं बसायचं, वारा पश्चिमेचा असेल तर काय करायचं, सगळं. वन्सं चार वर्षं त्या वहीच्या आधारानं खेळत होत्या. पण त्या रविवारची स्पर्धा होती पन्नासेक मैलांवरच्या एका तळ्यावर. क्लबातलं कुणीच तिथं आधी गेलेलं नव्हतं. वहीत त्या तळ्याचं पान नव्हतं.

आदल्या रात्री वन्संना झोप नव्हती. मी म्हटलं, ‘‘वन्सं, नाही गेलं तर नाही का चालणार?’’ त्या कणीक मळत होत्या. कणकेत हळद आणि हिंग! ‘‘इथले लोक अळ्या लावतात गळाला, मला नाही बाई जमत. माझं हेच,’’ म्हणाल्या आणि गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. जाणार होत्या, हे कळलं.

आता ही स्पर्धा असते कशी ते सांगते. आम्ही गेलो तेव्हा अठरा स्पर्धक होते, त्यात बायका तीन. तळ्याच्या काठानं ठरावीक अंतरावर नंबर लावलेल्या जागा, त्यांना ‘पेग’ म्हणतात. आवडेल तिथं बसायचं नाही, पिशवीतून चकती काढायची आणि येईल तो नंबर आपला. वन्संना आला अकरा. कोपऱ्यातली जागा, एका बाजूला लव्हाळ्यासारख्या गवताचं रान. वारा आमच्या पाठीवरून समोरच्या काठाकडे वाहत होता. असा वारा असला की वरचं ऊबदार पाणी आणि त्याबरोबर माशांचं खाणं समोरच्या काठाला लोटलं जातं, मासेही तिकडे सरकतात. क्लबाचे सेक्रेटरी, सत्तरीचे गृहस्थ, नंबर बघून नुसते ‘हं’ म्हणाले. मला बजावलं, ‘मागे बसा, बोला, चहा द्या, पण काठीला हात लावायचा नाही.’

नियम तसे बरेच. तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाकडे सरकारी परवाना हवा. गळाच्या टोकाला मागं वळलेली नांगी असते ना, ज्यामुळे गळ रुतून बसतो, ती इथं चालत नाही. गुळगुळीत गळ, म्हणजे तो लगेच निघतो. दोरीला लावायची शिशाची बारीक वजनं इंग्लंडमध्ये 1987 पासून बंद आहेत, कारण राजहंस ती गिळून विषबाधेनं मरायचे. मासा हातात घ्यायचा तर हात आधी ओले करायचे, नाहीतर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला रोग होतो. धरलेले मासे पाण्यात सोडलेल्या लांब जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवायचे, शेवटी वजन करायचं आणि परत तळ्यात सोडून द्यायचे.

‘‘मग धरायचे कशाला?’’ मी विचारलं. आमच्या घरात मासे खातात, त्यामुळे जीवहत्येबद्दल मी बोलू नये हे खरं. पण खायचंही नाही आणि ओठाला टोचायचं, हे काही मला पटेना. वन्सं म्हणाल्या, ‘‘यांनाही मी हेच विचारायचे.’’ उत्तर काही दिलं नाही. मला ते अजूनही पुरतं पटलेलं नाही.

दहाला शिट्टी झाली. वन्संनी आधीच गळाला छोटं वजन अडकवून पाण्याची खोली मोजून घेतली होती. गवतापाशी दोन फूट, मग एकदम उतार, पुढे पाच फूट. समोर पाच फुटांत त्यांनी कणकेची बारीक गोळी लावून दोरी टाकली आणि दर वेळी चिमूटभर चुरा फेकत राहिल्या. थोडं थोडं, पण सारखं. एकदम ओंजळभर टाकलं तर मासे पोट भरून निघून जातात! रोच नावाचे चंदेरी, लालसर परांचे मासे येऊ लागले. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातले, पण बोटभर ते वीतभर. टाक, ओढ, सोडव, पुन्हा टाक. बारा वाजेपर्यंत पन्नासेक झाले असतील. मी चहा दिला तो निवून गेला.

समोरच्या काठावर मात्र मोठमोठे ब्रीम निघत होते, जाळी वर येताना आम्हाला दिसायची. आणि साडेबाराला आमच्याकडचं सगळं बंद पडलं. वीस मिनिटं फ्लोट हललासुद्धा नाही.

वन्संनी मागं वळून विचारलं, ‘‘काय करू गं?’’ मला काय कळतंय त्यातलं! त्यांनी पिशवीत हात घातला, वही अर्धी बाहेर काढली, क्षणभर तशीच धरली आणि परत आत सरकवली. मग उरलेल्या कणकेच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून त्या गवताच्या कडेला, दोन फूट पाण्यात एकेक सोडू लागल्या. पण गळ काही तिथं टाकेनात! अर्धा तास नुसतं खाऊ घालणं चाललं होतं. समोर रिकामी दोरी, घड्याळ पुढं पळतंय, शेजारचा माणूस कौतुकानं का कीव येऊन बघतोय ते कळत नाही. माझाच जीव वरखाली होत होता.

दीडच्या सुमारास गवतालगत बारीक बारीक बुडबुडे उठले, सोडा ओतल्यासारखे. वन्सं हळूच म्हणाल्या, ‘‘टेंच.’’ हा मासा तळाचा गाळ उकरत खातो आणि असे बुडबुडे येतात. त्यांनी दोरीची खोली कमी केली, जाड गोळी लावली आणि कडेला सोडली. फ्लोट डुगडुगला, आडवा झाला, गेला! काठी अशी वाकली की मी उठून उभीच राहिले. मासा गवतात शिरायला बघतोय आणि साठीच्या वन्सं दातओठ खाऊन त्याला बाहेर खेचताहेत. जाळीत आला तेव्हा बघितलं, शेवाळी हिरवा, तुळतुळीत, आणि डोळे चक्क लाल गुंजेसारखे. या माशाला तिकडे ‘डॉक्टर मासा’ म्हणतात. आजारी मासे त्याच्या अंगाला अंग घासून बरे होतात, अशी जुनी समजूत आहे. शेवटच्या तासाभरात तसले दोन मिळाले. तिसरा दोरी तोडून गवतात गेला. वन्संच्या तोंडून अस्सल सातारी शब्द निघाला, तो इथं छापता येणार नाही.

तीनला शिट्टी. मग तराजू घेऊन सगळी वरात पेगपेगवर फिरली. वन्संचं भरलं अकरा पौंड सहा औंस, म्हणजे पाच किलोंच्या थोडं वर. पहिल्या आलेल्या गृहस्थांचं चौतीस पौंड होतं, समोरच्या काठावरचे ते. वन्सं पाचव्या आल्या. पाचव्याला बक्षीस नसतं. पण आमच्या काठावर बसलेल्यांत त्यांचंच वजन सर्वांत जास्त होतं, आणि सेक्रेटरींनी फडक्यातल्या कणकेचा वास घेऊन दोनदा विचारलं, ‘यात नक्की काय घालता?’ वन्संनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर आधी त्यांनी जाळ्या धुऊन वाळत घातल्या, काठ्या पुसल्या. मी खिचडी टाकली. जेवणं झाल्यावर त्यांनी ती वही काढली, भाऊजींच्या अक्षरातलं शेवटचं पान उलटलं आणि पुढच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. तळ्याचं नाव, तारीख, पेग अकरा, वारा मागून, गवतापाशी दोन फूट, दीड वाजता बुडबुडे. शेवटची ओळ मी खांद्यावरून वाचली : ‘हळद कमी, हिंग अजून चिमूटभर.’