भुईखालचा रस्ता, भुईवरचा हिशेब

कार्याच्या घरीं आचारी आला म्हणजे त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पानें किती?" त्या एका आंकड्यावर तांदूळ किती निवडावयाचे, नारळ किती फोडावयाचे, पत्रावळी किती मागवावयाच्या हें सारें अवलंबून असतें, आणि घरांतील वडील मंडळी कितीहि अनुभवी असली तरी तो आंकडा बिनचूक सांगणें त्यांना क्वचितच साधतें. आतां अशी कल्पना करा कीं, मांडवाच्या दाराशीं कोणी पेटी घेऊन बसला आहे आणि पानावर बसणाऱ्या प्रत्येकाकडून कांहीं रक्कम घेत आहे. शेजारच्या घरीं मात्र पिठलें-भात फुकट मिळत आहे. अशा वेळीं पानें किती मांडावीं? शहराच्या पोटांतून बोगदा खणून त्यांतून जाणाऱ्या मोटारींवर टोल बसवूं पाहणाऱ्यांपुढें नेमका हाच प्रश्न असतो, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ हुषार माणसांनीं त्याचें उत्तर चुकविलें आहे.

हा विषय आज आपणांस परका राहिलेला नाहीं. मुंबईस मलबार हिलच्या पोटांतून जाणारा सागरी किनारा मार्गाचा जुळा बोगदा मार्च २०२४ पासून वाहनांस खुला होऊं लागला. प्रियदर्शिनी पार्कपासून मरीन ड्राइव्हच्या बाजूस निघणारा हा बोगदा दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांब आहे, आणि तो खणणाऱ्या यंत्राचें नांव मोठ्या कौतुकानें 'मावळा' असें ठेवलें होतें. त्याच वर्षीं जुलैंत ठाणें-बोरिवली बोगद्याचें भूमिपूजन झालें. तो राष्ट्रीय उद्यानाखालून दहा किलोमीटरांहून अधिक जावयाचा आहे. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा दाट वस्तीखालचा मार्गहि हातीं घेण्यांत आला आहे. जमिनीवर जागा उरली नाहीं, घरें पाडतां येत नाहींत, उड्डाणपूल तर लोकांच्या खिडक्यांशीं येऊन भिडले. तेव्हां खालीं जाण्यावांचून गत्यंतर नाहीं असें जे म्हणतात त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु खालचा रस्ता वरच्यापेक्षां कितीतरी पटींनीं महाग, आणि त्याचे पैसे कोणी तरी द्यावेच लागतात. एक तर सरकारनें, म्हणजे तुम्हीं-आम्हीं सर्वांनीं, नाहीं तर केवळ त्यांतून जाणाऱ्यानें. मलबार हिलखालच्या बोगद्यास टोल नाहीं, तेथें पहिली रीत पत्करली आहे. दुसरी अधिक न्यायाची वाटते, म्हणूनच ती नीट पारखून घेतली पाहिजे.

खणण्याची विद्या आतां पुष्कळ पुढें गेली आहे. शंभर वर्षांपूर्वीं खरी अडचण होती ती हवेची. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांच्यामध्यें हडसन नदी आहे. तिच्याखालून मोटारींसाठीं रस्ता न्यावयाचा ठरलें, तेव्हां धुरांतील कार्बन मोनॉक्साइडनें आंतील माणसें गुदमरून पडतील ही मोठी धास्ती होती. क्लिफर्ड हॉलंड नांवाचा इंजिनियर त्या कामावर मुख्य होता. बोगद्यांत माणूस किती विषारी वायु सोसूं शकतो हें ठरविण्याकरितां येल विद्यापीठांत धाडसी स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, आणि शेवटीं अशी योजना निघाली कीं ताजी हवा रस्त्याच्या खालून आंत सोडावी व दूषित हवा छतावाटे ओढून घ्यावी. ८४ पंख्यांपैकीं निम्मे हवा आंत ढकलतात, निम्मे बाहेर ओढतात, आणि दीड मिनिटांत बोगद्यांतील सगळी हवा पालटते. हॉलंडला मात्र हें पाहावयास मिळालें नाहीं. दोन्ही तीरांकडून खणीत आलेले मजूर एकमेकांस भेटण्याच्या दोनच दिवस आधीं, ऑक्टोबर १९२४ मध्यें, अतिश्रमानें खचलेला हा गृहस्थ वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं वारला. त्याच्या जागीं आलेला फ्रीमन कांहीं महिन्यांतच गेला, आणि ओले सिंगस्टाड यानें तें काम तडीस नेलें. १३ नोव्हेंबर १९२७ रोजीं हॉलंडच्या नांवानें तो बोगदा खुला झाला. टोल ५० सेंट होता, आणि पहिल्याच दिवशीं पन्नास हजारांहून अधिक गाड्या त्यांतून गेल्या.

हा बोगदा कधीं ओस पडला नाहीं. याचें कारण पंख्यांत नाहीं, नदींत आहे. त्या काळीं तेथें पलीकडे जावयाचें तर मोटार नावेवर चढवावी लागे, आणि त्या नावेलाहि पैसे पडत. शेजारीं फुकटची पंगत नव्हती.

सिडनीस ती होती. त्या शहराचा मध्यभाग पूर्व-पश्चिम ओलांडणाऱ्या गाड्यांनीं विल्यम स्ट्रीट व लगतचे रस्ते तुडुंब भरत, म्हणून त्यांच्याखालून २.१ किलोमीटरांचा जुळा 'क्रॉस सिटी टनेल' खणण्यांत आला. खाजगी कंपनीनें तो आपल्या पैशानें बांधावा, तीस वर्षे टोल घ्यावा व मग सरकारच्या हवालीं करावा, असा करार होता. २८ ऑगस्ट २००५ रोजीं तो उघडला. टोल ३ डॉलर ५६ सेंट. नाकें मुळींच नाहींत, कांचेला चिकटविलेल्या इलेक्ट्रॉनिक खुणेवरून रक्कम आपोआप वळती व्हावयाची. रोज सुमारें ९०,००० गाड्या येतील असा अंदाज होता. कांहीं आठवडे प्रवास फुकट ठेवला, तेव्हां लोक जत्रेला जावें तसे गेले. टोल सुरू झाला आणि गर्दी ओसरली. पुढें कित्येक महिने २०,००० ते ३०,००० गाड्यांवर कांटा गेला नाहीं.

इतकी मोठी चूक निव्वळ गणिताची नव्हती. योजनेचा दुसरा भाग असा होता कीं, वाहतूक खालीं गेल्यावर वरचा विल्यम स्ट्रीट माणसांना परत द्यावा; पदपथ रुंद करावे, बसगाड्यांना वेगळी पट्टी द्यावी. कल्पना खरोखर सुंदर होती. परंतु वरचे रस्ते अरुंद झाले, कांहीं वळणें बंद झालीं, आणि लोकांच्या मनानें घेतलें कीं आपल्याला बोगद्यांत कोंबण्यासाठींच फुकटची वाट मुद्दाम अडविली आहे. करार जाहीर नव्हता. ओरड झाल्यावर ऑक्टोबर २००५ मध्यें तो प्रसिद्ध केला, तेव्हां असें दिसलें कीं कंपनीनें सरकारी रस्तेखात्याला आरंभींच सुमारें ९ कोटि ७० लाख डॉलर मोजले होते. सरकारचा एक पैसाहि खर्च होऊं नये हा आग्रह. तो पैसा शेवटीं कोणाच्या खिशांतून यावयाचा हें सांगावयास नकोच. अडवणूक झाली असें ज्याला एकदां वाटलें, तो दोन मिनिटें वांचविण्यासाठीं साडेतीन डॉलर देत नाहीं. तो दहा मिनिटें अधिक खर्च करून विजयी मुद्रेनें वरूनच जातो. मनुष्यस्वभावाचा हा भाग कोणत्याहि कोष्टकांत बसत नाहीं.

मार्च २००६ मध्यें तीन महिन्यांकरितां टोल निम्मा केला. गाड्या वाढल्या, पण पुरेशा नाहींत. सरकारनेंहि वरच्या रस्त्यांवरील कांहीं बदल मागें घेतले. डिसेंबर २००६ मध्यें कंपनी पन्नास कोटींहून अधिक डॉलरांच्या कर्जासह धनकोंच्या माणसांच्या हातीं गेली. नव्या मालकांनीं २००७ मध्यें बोगदा ७० कोटि डॉलरांस घेतला. २०१३ मध्यें तेहि बुडाले, आणि २०१४ मध्यें तो साडेसत्तेचाळीस कोटींस तिसऱ्याकडे गेला. शेजारच्या क्वीन्सलंड प्रांतांत ब्रिस्बेनचा 'क्लेम सेव्हन' बोगदा मार्च २०१० मध्यें उघडून वर्ष भरण्यापूर्वींच त्याच वाटेनें गेला. तेथें तर भागीदारांनीं गाड्यांचा अंदाज करणाऱ्या कंपनीवरच दावा लावला, आणि तिला कोट्यवधि डॉलर देऊन तो मिटवावा लागला.

हें सिडनी-ब्रिस्बेनचेंच दुर्दैव म्हणावें, तर तसें नाहीं. रॉबर्ट बेन या अभ्यासकानें निरनिराळ्या देशांतील शंभरांवर टोल-रस्त्यांचे अंदाज व प्रत्यक्ष आंकडे ताडून पाहिले, तेव्हां सरासरीनें अंदाजाच्या ७७ टक्केच वाहनें आलेलीं आढळलीं. कारण उघड आहे. ठेका लिलावानें जातो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तोच सर्वांत उदार बोली करूं शकतो. शंभर पानांचा अंदाज सांगणाऱ्या आचाऱ्याला डावलून पांचशें पानें सांगणाऱ्याला काम दिल्यासारखें हें झालें. सरकारें म्हणत कीं, तोटा झाला तो भागीदारांचा, करदात्यांचा नव्हे. हें खरें, पण पुरें खरें नाहीं. हात पोळलेले धनको पुढच्या वेळीं गाड्या कमी येण्याचा धोका सरकारनेंच उचलावा असें म्हणूं लागले. पुढें सिडनीच्याच 'वेस्टकनेक्स' या कितीतरी मोठ्या भुयारी रस्त्याचें काम सरकारला स्वतःच्या पैशानें आरंभावें लागलें, आणि २०१८ मध्यें त्याचा निम्म्याहून किंचित् अधिक हिस्सा विकला गेला.

मुंबईकरालाहि टोलाचा अनुभव थोडा नाहीं. पंचावन्न उड्डाणपुलांच्या खर्चापोटीं शहराच्या पांच वेशींवर नाकीं बसलीं तीं वर्षानुवर्षे राहिलीं. लहान मोटारींस तेथें माफी मिळाली ती ऑक्टोबर २०२४ मध्यें. मूळ खर्च किती, वसूल किती झाला, हें सामान्य माणसाला कधीं नीट समजलें नाहीं, आणि टोल या शब्दाबद्दल जी कडू चव जिभेवर राहिली ती त्यामुळेंच. म्हणून उद्यां एखाद्या भुयारी रस्त्यावर टोल ठरला, तर करार आधीं छापला जावा, आणि वरच्या फुकटच्या रस्त्याचें काय करणार तें त्यांत स्पष्ट लिहिलेलें असावें. आणखी एक गोष्ट. मलबार हिलखालच्या बोगद्यांत दुचाकीला व रिक्षाला मज्जाव आहे. दहा माणसांच्या घरांत मोटारीनें कामावर जाणारा बहुधा एक असतो. बाकीचे लोकलनें, बसनें, दुचाकीनें जातात. वरचा रस्ता मोकळा झाल्यावर ती जागा बसला मिळाली तरच त्या नऊ जणांना बोगद्याचा उपयोग. नाहीं तर चार वर्षांत तेथें नव्या मोटारी येऊन उभ्या राहतात. पण ती जागा बसला द्यावयाची तर बोगदा उघडण्यापूर्वीं लोकांना विश्वासांत घेऊनच दिली पाहिजे, सिडनीसारखी मागाहून हिसकावून नव्हे.

आमचा एक पुतण्या सिडनीस नोकरीला आहे. तो रोज विल्यम स्ट्रीटवरूनच जातो. मीं त्याला फोनवर विचारलें, तूं कधीं बोगद्यानें जातोस कीं नाहीं? तो म्हणाला, "काका, दोनदां गेलों. एकदां विमान चुकत होतें म्हणून, आणि एकदां सूनबाईंना कळा सुरू झाल्या होत्या तेव्हां." त्या रात्रीं बोगदा अगदीं मोकळा होता, टोल किती कापला हें त्यानें अजून पाहिलेलें नाहीं, आणि मुलगी आतां तीन वर्षांची आहे.