दाताचीच डॉक्टर व्हायचंय

आमच्या कराडात जूनपासून माझ्या घरी फाइली घेऊन येणाऱ्या आयांची रांग लागते. मंडळातर्फे आम्ही तिघीजणी प्रवेशाचे अर्ज भरायला मदत करतो. पैसे घेत नाही, त्यामुळे चहाचा खर्च आमच्यावर आणि चुकांची जबाबदारीही आमच्यावरच. त्यातली एक चूक माझ्या चांगली लक्षात राहिली आहे.

रेश्मा (नाव बदललंय) आमच्याच गल्लीतली. वडील शिंपी, आई घरी ब्लाउज शिवते. 2022 साली पोरगी अकरावी सायन्सला गेली तेव्हा तिची आई माझ्याकडे आली होती. "वहिनी, ते व्हॅलिडिटी का काय म्हणतात, ते आत्ताच करायचं का हो?" मी अगदी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "अहो, अजून दोन वर्षं आहेत. बारावीत बघू." अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज करता येतो, हे मला माहीत होतं. पण घाई कशाला, असं वाटलं.

बारावीत अर्ज केला. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांना 1961 च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींना 1950 च्या आधीचा. आता रेश्माचे आजोबा शाळेची पायरीच चढलेले नव्हते, मग त्यांचा दाखला आणायचा कुठून? वडिलांचा दाखला 1980 नंतरचा. तोच जोडून अर्ज पाठवला गेला. समितीनं त्रुटी कळवली, पण ती कुठे? तर अर्ज भरणाऱ्या सायबर कॅफेवाल्याच्या ई-मेलवर! त्यानं घाईघाईत स्वतःचाच पत्ता टाकला होता. तो निरोप कोणी वाचलाच नाही. तेव्हा मैत्रिणींनो, अर्ज कोणाकडूनही भरून घ्या, पण ई-मेल आणि मोबाइल नंबर मुलाचा किंवा तुमचाच टाका आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

मे 2024 मध्ये नीट झाली. आता बीडीएस असो की एमबीबीएस, दार एकच, नीट. 720 गुणांचा पेपर. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के, राखीव वर्गाला 40. प्रवेशाच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण झालेली हवीत. नीटमध्येही खुल्या वर्गाला पन्नासावं आणि राखीव वर्गाला चाळिसावं पर्सेंटाइल लागतं. ते टक्के नव्हेत, हे आयांना दरवर्षी समजावून सांगावं लागतं. शिवाय पात्र ठरणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. पात्र झाल्याचे पेढे वाटून मोकळी झालेली घरंही मी पाहिली आहेत.

रेश्माचे गुण बरे आले, पण त्या वर्षी सगळ्यांचेच गुण फुगले होते. एमबीबीएस हुकणार हे दिसत होतं. मग घरात जो तो बोलायला लागला. पुण्याचा मामा म्हणाला, "एक वर्ष रिपीट कर. दाताचा डॉक्टर म्हणजे काय डॉक्टर असतो का?" क्लासवाल्यांचंही तेच मत. (त्यांचं मत फुकटचं नसतं, पुढच्या वर्षाची फी त्यात असते.) शेजारणीनं बीएएमएस सुचवलं. पोरीला कोणी विचारलंच नाही. शेवटी मीच विचारलं. ती म्हणाली, "काकू, मला दाताचीच डॉक्टर व्हायचंय. आमची आजी बघा की."

आजी मिश्री लावते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड, सकाळ-संध्याकाळ. आमच्या भागातल्या कितीतरी बायका लावतात आणि तिला व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणं म्हणतात! गालाच्या आत पांढरा चट्टा आला तरी आजी दाखवायला तयार नव्हती. पुरुष डॉक्टरसमोर आ करायचा म्हणजे तिला लाज. तोंडावर पदर धरून परत आली. शेवटी सिव्हिलमध्ये एक बाई डॉक्टर भेटल्या, त्यांनी गोडीनं बोलून तोंड उघडायला लावलं. चट्टा वेळेत कळला. रेश्मा तेव्हा नववीत होती आणि खुर्चीशेजारी बॅटरी धरून उभी होती. 2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली, पण मिश्रीचा डबा चुलीजवळ आहेच. गावोगावच्या बायकांची तोंडं तपासणार कोण? मला तर पोरीचं म्हणणं मामाच्या म्हणण्यापेक्षा शहाणपणाचं वाटलं.

तरी दुसरी बाजूही तिला सांगितली. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे पाच वर्षं. पुढे एमडीएस करायचं तर पुन्हा प्रवेश परीक्षा. सरकारी नोकऱ्या थोड्या, आणि स्वतःचा दवाखाना टाकायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, सगळं आधी विकत घ्यायचं. नुसत्या स्टेथोस्कोपवर भागत नाही. आणि हे सगळं हाताचं काम. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायचे, दुसऱ्या वर्षी पुतळ्याच्या तोंडात काम करायचं, तिसऱ्या वर्षापासून खरा पेशंट. प्रवेशाच्या वेळी आपल्याकडे हाताची परीक्षा कोणी घेत नाही. यावर तिची आई पटकन म्हणाली, "हाताचं सोडा, आठवीपासून हुका-काजं तीच करते."

इच्छा ठरली, पण व्हॅलिडिटीचा पत्ता नव्हता. ती नसली तर पोरगी खुल्या वर्गात मोजली जाणार आणि सरकारी जागा गेल्यातच जमा. मुदतवाढ मिळेल म्हणून बातम्या येत होत्या. काही वेळा मिळतेही, पण तिच्या भरवशावर पोरीचं वर्ष कसं लावायचं? मला रात्री झोप लागेना. 'बारावीत बघू' हे माझेच शब्द कानात वाजायचे.

मग आम्ही दोघी त्यांच्या मूळ गावी गेले चार दिवस. पुरावा बापाच्या रक्ताच्या नात्यातला कुणाचाही चालतो, आजोबांचाच हवा असं नाही. आजोबांचे थोरले भाऊ दोन इयत्ता शिकले होते, एवढीच ऐकीव माहिती. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांनी कपाट उघडून दिलं. रजिस्टरांना वाळवी लागलेली, धूळ नाकातोंडात. तिसऱ्या दिवशी 1948 च्या रजिस्टरात नाव सापडलं, जातीच्या रकान्यासकट! रेश्माची आई तिथेच जमिनीवर बसली. त्याचा उतारा, वंशावळीचं शपथपत्र आणि तहसीलमधून जुन्या कोतवाल नोंदवहीतली नक्कल असं सगळं घेऊन साताऱ्याच्या समितीकडे त्रुटीची पूर्तता केली.

त्या वर्षी नीटच्या निकालावरून देशभर गोंधळ झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि सुधारित निकाल 26 जुलैला लागला. राज्याची प्रक्रिया त्यामुळे लांबली. सगळे त्या उशिराला शिव्या घालत होते, मी मात्र देवापुढे साखर ठेवली. ऑगस्टमध्ये व्हॅलिडिटी हातात आली.

बाकीची कागदं त्या मानानं सोपी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, नीटचं प्रवेशपत्र आणि निकाल, ठरावीक नमुन्यातला फिटनेस दाखला. नॉन-क्रीमीलेअर येत्या 31 मार्चपर्यंत वैध हवं, गेल्या वर्षीचं चालत नाही. रिपीटर असेल तर गॅपचं शपथपत्र. नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे ना, हे आधी बघा. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, एका ठिकाणी सासरचं, असं तर घरोघरी असतं.

मग पसंतीक्रमावरून वाद. सरकारी डेंटल कॉलेजं मोजकी. मुंबईत सरकारी आणि महापालिकेचं नायर, शिवाय छत्रपती संभाजीनगर, नागपूर. वडिलांचं म्हणणं, जवळचं खासगी वर टाका, पोरगी नागपूरला कशी पाठवायची? त्यात जुलै 2024 मध्ये सरकारनं निर्णय काढला होता, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरातल्या मुलींचं कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ. खासगी कॉलेजलाही लागू, मॅनेजमेंट कोट्याला नाही. "मग खासगीच की फुकट!" वडील म्हणाले. पण वसतिगृह, मेस, अनामत आणि स्वतः विकत घ्यायची हत्यारं माफ नसतात. आणि मुख्य म्हणजे ओपीडी. जिथे पेशंटची गर्दी, तिथे हात तयार होतो. रिकाम्या खुर्च्यांच्या कॉलेजात शिकून काय करणार? मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही कापडाशिवाय शिलाई शिकला असता का?" त्यावर ते काही बोलले नाहीत. यादीत सरकारी चारही वर गेली.

नागपूर मिळालं. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं माय-लेकी गेल्या, वडील स्टेशनवर गाडी हलेपर्यंत सूचनाच देत होते.

गेल्या दिवाळीत रेश्मा घरी आली तेव्हा काडेपेटीत ठेवलेला मेणाचा दात मला दाखवायला घेऊन आली. तिनंच कोरलेला, वरची दाढ. आजीनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मला बसंल का गं?"

परवा तिची आई पुन्हा फाइल घेऊन आली. धाकटा यंदा अकरावीत गेलाय. बहिणीची व्हॅलिडिटी झालेली, त्यामुळे त्याचं काम सोपं होणार. "ह्याला डॉक्टर नाही व्हायचं, क्रिकेट खेळायचंय म्हणतो," ती म्हणाली, "पण अर्ज आजच भरू या वहिनी. बारावीत बघू असं म्हणू नका."