वणीत लिनक्स: दुरुस्तीच्या दुकानातला एक दिवस

सकाळी ६.३०
चहा होईपर्यंत डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या सुरक्षा-सूचना वाचतो. नवी आवृत्ती कोणती आली हे नंतर. कुठे भोक पडलं आणि ते बुजवलं का, हे आधी. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं दिसलं. कारण शोधताना फायली आकसवणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. २९ मार्चला त्यानं तो जगजाहीर केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती एक्सझेड पोहोचलीही नव्हती. म्हणून गिऱ्हाइकाच्या संगणकावर मी दीर्घकाळ अपडेट मिळणारी स्थिर आवृत्तीच टाकतो. नव्याची हौस भागवायला माझा स्वतःचा संगणक आहे.

सकाळी ९.३०
दुकान उघडलं की पहिलं काम ब्लोअरचं. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी, रस्त्यावर कोळशाचे ट्रक, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगची रुई. हे सगळं संगणकाच्या पंख्यात जाऊन बसतं. विदर्भातला मे महिना त्यात भर घालतो. ‘संगणक लय स्लो झाला’ म्हणून आलेलं मशीन पुष्कळदा फक्त तापलेलं असतं. आधी धूळ काढतो, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलतो, मग ‘सेन्सर्स’ ही आज्ञा देऊन तापमान पाहतो. त्यानंतर ‘डिस्क्स’ या ॲपमध्ये हार्डडिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल. डिस्कच मरायला टेकली असेल, तर कोणतीही प्रणाली टाकून उपयोग नाही. तिच्या जागी एसएसडी बसवली की जुन्या मशीनला जो फरक पडतो, तो दुसऱ्या कशानं पडत नाही.

सकाळी ११
कृषी केंद्र चालवणारे एक काका जुना डेस्कटॉप घेऊन येतात. “भाऊ, हा डब्बा भंगारात देऊन टाकू काय?”

“थांबा काकाजी, आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहू.”

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चं नियमित पाठबळ संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रंही भंगाराच्या वाटेला लागली. लिनक्स मिंट २२ ला दोन जीबी रॅम किमान, चार जीबी असली तर उत्तम. अपडेट २०२९ पर्यंत. काकांसाठी मी त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती निवडतो.

मिंटची फाइल उतरवली की तिचा ‘शा-२५६’ हा पडताळणीचा आकडा अधिकृत आकड्याशी ताडून पाहायचाच, आणि त्या आकड्यांच्या फाइलवरची सहीही तपासायची. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळावर घुसखोरी होऊन लोकांना चोरदरवाजा असलेली फाइल मिळाली होती. पेनड्राइव्ह तयार झाला की बूट मेनूतून मशीन त्यावर सुरू करायचं. अशा वेळी हार्डडिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, पडद्याचा आकार हे सगळं तिथंच तपासायचं. काका समोर बसून ब्राउझर उघडतात, बिल छापून पाहतात. त्यांचा होकार आल्यावर आणि त्यांच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरल्यावरच ‘इन्स्टॉल’ दाबतो.

दुपारी १
प्रत्येकाला लिनक्स द्यायचं नाही, हेही या धंद्यात ठामपणे सांगावं लागतं. टॅलीवर हिशेब असलेले व्यापारी येतात. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर ठरावीक विंडोजसाठीच बनलेलं असतं. अशा मशीनला मी हात लावत नाही. फार तर इंटरनेट आणि पत्रव्यवहारासाठी शेजारी दुसरा जुना संगणक लिनक्सवर उभा करून देतो, म्हणजे हिशेबाचं यंत्र इंटरनेटपासून दूर राहतं. ज्याचं काम अडेल त्याच्या गळ्यात आपली आवड मारणं हा अन्याय आहे.

दुपारी २.३०
लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्या एक ताई फाइल घेऊन येतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. आमच्या भागातल्या कितीतरी संस्थांचे अहवाल आणि स्मरणिका अशाच फॉन्टांत अडकून पडल्या आहेत. कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये येतो, पण तो डोळ्यांनी वाचून घ्यावाच लागतो. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दांतला ऱ हमखास बिघडतो. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

ताईंना इनस्क्रिप्ट शिकवतो. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कीबोर्डच्या मांडणीत मराठी जोडली की झालं. ‘जे’ वर र, शिफ्टसह ऱ. ‘एन’ वर ल, शिफ्टसह ळ. लिब्रेऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करायचं आणि देवनागरीचा फॉन्ट तिथं स्वतंत्रपणे निवडायचा. हे माहीत नसल्यानं फॉन्ट बदलूनही अक्षर बदलत नाही आणि लोक वैतागतात. मजकुराला ‘लोहित’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट-संस्थेचा ‘मुक्त’, पत्रिकेच्या ठसठशीत नावांना त्यांचाच ‘बालू’. तिन्ही खुल्या परवान्याचे, छपाईलाही मोकळे. पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस १.६ देवनागरी जोडाक्षरं नीट मांडतो.

दुपारी ४
वीज जाते. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली जर्नल, म्हणजे बदलांची नोंद, ठेवते. त्यामुळे अचानक बंद पडलेलं मशीन पुन्हा सुरू होताना डिस्कवरची मांडणी स्वतः सावरून घेते. न साठवलेलं काम मात्र जर्नल परत देत नाही. लिब्रेऑफिसच्या ‘लोड/सेव्ह’ सेटिंगमध्ये ऑटोरिकव्हरीची वेळ दोन मिनिटांवर आणून ठेवा. आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्याच. महागड्या मॉनिटरआधी घ्या.

संध्याकाळी ५.३०
कॉलेजची मुलं येतात. दुकानाच्या मागच्या टेबलावर दुरुस्त झालेले संगणक त्यांच्यासाठी मोकळे असतात. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टोर्वाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहितोय, असं जगाला कळवलं. हे ऐकल्यावर मुलं सरसावून बसतात, कारण तो त्यांच्याच वयाचा होता. त्याआधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमननं ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली होती. वापरा, तपासा, बदला, वाटा, हे चार हक्क तिथून आले.

मुलांना आधी आज्ञा शिकवतो: डिस्क किती भरली, मेमरी कोण खातंय, कोणती फाइल कुठं आहे. पुढं पहिलं योगदान मराठीतून करायला लावतो. फायरफॉक्सचा मराठी अनुवाद मोझिलाच्या पाँटून या संकेतस्थळावर होतो. तिथं खातं उघडून एक वाक्य सुचवता येतं. ते तपासून स्वीकारलं गेलं की जगभरच्या मराठी माणसांपर्यंत पोहोचतं. पुण्या-मुंबईला न जाता वणीतून हे होतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

रात्री ८
दुकान बंद करण्याआधी बॅकअप. इथं नव्या माणसाचा एक गैरसमज काढावा लागतो. मिंटमधलं टाइमशिफ्ट प्रणालीची स्थिती जपतं. अपडेटनंतर काही बिघडलं तर मागं नेतं. घरच्या फोल्डरमधले फोटो, पत्रं, हिशेब ते मुळात जपत नाही. त्यासाठी मिंटचं बॅकअप टूल किंवा आरसिंक वेगळं चालवावं लागतं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे महागडा क्लाउडच हवा असं नाही. भावाच्या घरी ठेवलेली डिस्कही चालते.

काकांचा डेस्कटॉप एव्हाना तयार आहे. बिल फक्त मजुरीचं आणि एसएसडीचं, प्रणालीचं शून्य. छोट्या गावात याचा अर्थ मोठा आहे: चोरून घेतलेलं सॉफ्टवेअर नाही, दरवर्षीची फी नाही, आणि यंत्र कधी निकामी ठरवायचं याचा निर्णय मालकाच्या हातात.

तुमच्याकडे कपाटावर जुना लॅपटॉप पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यातल्या फायली काढून घ्या, पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि एक दिवस चालवून पाहा. चाललं तर घरातल्या शिकणाऱ्या पोराला द्या. नाही चाललं, तरी तुमचं काही गेलेलं नसेल.