२२१ डावांत एकदा येणारे एक्के हरतात कसे?

टेक्सस होल्डेम पोकरमध्ये सुरुवातीला प्रत्येकाला दोनच पानं मिळतात आणि ती फक्त त्यालाच दिसतात. बावन्न पानांच्या कॅटमधून अशी दोन पानं १,३२६ प्रकारे निघू शकतात. त्यांतल्या अवघ्या ६ प्रकारांत दोन्ही एक्के असतात, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा! गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो-बोटीवर, जिथे माणूस पानं पिसून वाटतो, तिथे तासाला पंचवीस-तीस डाव होतात. एक्क्यांची जोडी दिसायला सात-आठ तास लागावेत. ऑनलाइन मात्र पिसणं क्षणात उरकतं, आणि एकदम चार टेबलं उघडून बसणाऱ्याला ती जोडी साधारण तासाभरात भेटते. त्याच वेगानं ती हरतानाही दिसते.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तेव्हा इथे चिप्स म्हणजे नुसत्या चिप्सच समजा. गणित तेच राहतं, आणि थक्क करतं ते गणितच.

समोर एकच खेळाडू आहे, त्याची पानं कोणतीही असोत. टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पाच पानांपैकी पहिली तीन एकदम उघडतात, तो फ्लॉप; मग एक टर्नचं आणि शेवटचं रिव्हरचं. शेवटपर्यंत गेलं तर एक्के १०० पैकी ८५ वेळा जिंकतात. समोर बादशहाची जोडी असली तरी ८२ वेळा. आता समोर नऊ जण बसवा आणि कुणालाच पानं टाकून डाव सोडू देऊ नका. तेच एक्के आता १०० पैकी जेमतेम ३१ वेळा जिंकतात!

पानं तीच, मग ताकद गेली कुठे? क्रिकेटमध्ये पहिल्यांदा फलंदाजी करून उभारलेली धावसंख्या जशी असते, तशी ही जोडी असते. भक्कम, पण आता ती फारशी वाढणार नाही. पाठलाग करणारे मात्र नऊ, आणि त्यांतल्या एकाचं जरी जमलं तरी पुरे.

आता गंमत बघा. प्रत्येकानं सुरुवातीलाच १०० चिप्स लावून टाकल्या असतील, तर एका प्रतिस्पर्ध्यापुढे २०० चिप्सच्या ८५ टक्के, म्हणजे सरासरी १७० तुमच्या वाट्याला येतात. नऊ जणांपुढे १,००० चे ३१ टक्के, म्हणजे ३१०. हरता जास्त वेळा, पण कमावता जास्त! मग जाणकार एक्के हाती येताच रक्कम वाढवून गर्दी का पांगवतात?

कारण सगळ्या चिप्स सुरुवातीलाच टेबलावर जात नाहीत. पुढे पैजेच्या आणखी तीन फेऱ्या असतात, आणि खरा तोटा तिथेच होतो.

एक डाव जवळून पाहू. तुमच्याकडे काळे एक्के आहेत, समोरच्याकडे सत्तीची जोडी. दोघांकडे १००-१०० चिप्स. तुम्ही ३ लावल्या, त्यानंही ३ टाकल्या. या घडीला तुम्ही १०० पैकी ८० वेळा जिंकणार आहात. फ्लॉप उघडतो: बदाम राणी, चौकट सत्ती, किलवर तिर्री. तुम्हाला यात भिण्यासारखं काय दिसतं? काहीच नाही. पण समोर तीन सत्त्या जमल्या आहेत. तुम्हाला वाचवायला मुख्यतः दोनच पानं उरली, बदाम एक्का आणि चौकट एक्का, आणि जिंकण्याची शक्यता ८० वरून थेट ९ टक्क्यांच्या आसपास! तीन पानांत बाजी उलटली आणि पडद्यावर तिची खूणसुद्धा नाही.

असा फ्लॉप सत्तीवाल्याला १७ डावांत साधारण दोनदा मिळतो. उरलेल्या १५ डावांत तो ३-३ चिप्स टाकून गप्प सोडून देतो, म्हणजे ४५ गेल्या. त्या दोन वेळी तुम्ही अडून बसून सगळ्या १०० लावल्यात, तर त्याचे ४५ कितीतरी पटींनी वसूल होतात. पण फ्लॉपनंतर तुम्ही १५ च दिल्यात आणि त्याचा जोर वाढताच पानं टाकलीत, तर दोन वेळचे मिळून ३६ च होतात. तो तोट्यात! मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. डाव हरलात तुम्ही, पण सत्तीवर ३ चिप्स टाकण्याचा त्याचा निर्णय चुकीचा ठरला तो तुमच्या वेळीच थांबण्यामुळे.

एक्का-बादशहाचं प्रकरण वेगळं. दिसायला राजेशाही, पण फ्लॉपवर एक्का किंवा बादशहा येतो तो तीन डावांत एकदाच. मग त्याला एवढा मान का? एक्का तुमच्या हातात असल्यानं समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर येतात. बादशहाच्या जोडीचेही तसेच. तुम्हाला न दिसणारी पानं तुमच्याच हातातल्या पानांनी अर्धी पुसली जातात! उलट एक्का-राणी घेऊन एक्का-बादशहापुढे गेलात, तर टेबलावर एक्का येऊनही तुम्हीच अडकता. दोघांकडे एक्क्यांची जोडी आणि दुसरं पान त्याचं मोठं. तिथे तो चारांत साधारण तीनदा जिंकतो.

आता एक पेच. जोर दिसला की तुम्ही पानं टाकता हे समोरच्यानं हेरलं तर? हातात काही नसतानाही तो जोर दाखवील. मग कुठवर टिकायचं? रिव्हरवर पॉटएवढी, म्हणजे मध्ये जमलेल्या एकूण चिप्सएवढी, पैज लावणाऱ्याला स्वतःच्या खेळात फट ठेवायची नसेल, तर त्यानं तीनांत एकदा ब्लफ करायला हवा, आणि तुम्ही ब्लफला हरवू शकणाऱ्या पानांपैकी निम्म्यांनिशी टिकून राहायला हवं. कुठली निम्मी? बरोबर सीमेवर असलेली तीच पानं कधी ठेवायची, कधी टाकायची, आणि कधी काय हे नशिबावर सोडायचं.

हा तोल माणसाच्या आधी यंत्रानं गाठला. अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोघांत खेळायचा, पैजेची रक्कम ठरलेली असलेला होल्डेम जवळपास पूर्ण सोडवल्याचं जाहीर केलं. पैजेवर मर्यादा नसलेल्या प्रकारात जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या नोम ब्राऊन आणि तुओमास सँडहोम यांनी बनवलेला लिब्रॅटस हा संगणक-प्रोग्रॅम पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंशी एकेकट्यानं भिडला. २० दिवस, १,२०,००० डाव, आणि चौघेही हरले. त्याला माणसांचे डाव दाखवून शिकवलंच नव्हतं. तो स्वतःशीच खेळून शिकला होता. दिवसभर खेळाडू त्याच्या खेळातल्या फटी शोधत, आणि रात्री ते झोपले की महासंगणक त्याच फटी बुजवायला बसत असे.