घोळणा फुटला, की आधी घड्याळ बघा

मे महिन्यातली विदर्भातली दुपार. खेळून आलेल्या पोराच्या नाकातून टपकन रक्ताचा थेंब शर्टावर पडतो. आजी कांदा फोडून हुंगायला देते, काकू टाळूवर गार पाणी थापते आणि कुणीतरी हमखास सांगतं, "मान मागे टाक."

चूक होते ती इथेच. मान मागे टाकली की रक्त घशातून पोटात उतरतं, मळमळतं, उलटी होते. रक्त थांबत मात्र नाही, फक्त दिसेनासं होतं.

दहातले नऊ घोळणे नाकाच्या पुढच्या भागातले असतात. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि त्यावरचं अस्तर अगदी पातळ. कोरड्या हवेनं तिथे खपली धरते, पोराचं नख लागतं, की रक्त आलंच. इलाजही तिथेच आहे. ताठ बसून, किंचित पुढे वाकून, नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा आणि तोंडानं श्वास घ्यायचा. घड्याळ लावून 10 ते 15 मिनिटं. "थांबलं का?" म्हणून मध्येच चिमूट सोडली, तर धरू लागलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

असं नीट दाबूनही 20-30 मिनिटांत रक्त थांबलं नाही, तर दवाखाना गाठायचा. रक्ताची धार लागली, चक्कर आली, श्वास अडला किंवा डोक्याला मार लागून रक्त आलं, तर घड्याळही बघत बसू नये.

वयस्कर माणसांच्या बाबतीत जास्त जपायला हवं. त्यांचं रक्त कधी कधी नाकाच्या मागच्या बाजूनं येतं. रुमालावर चार थेंब दिसतात, पण आजोबा सारखे आवंढे गिळत असतात. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर रक्त थांबायला वेळ लागतो. त्या गोळ्या मनानं बंद करू नयेत. डॉक्टरांकडे जाताना पाकिटं सोबत न्यावीत.

तापात घोळणा फुटला, तर डेंग्यूची शंका घेऊन लगेच दाखवावं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं, रक्तमिश्रित पाणी येत असेल, तर आत मणी किंवा वाटाणा अडकलेला असू शकतो. खेळण्यातला चपटा गोल सेल असेल, तर तो काही तासांतच आतला पडदा जाळतो. अशा वेळी घरी चिमटा घालून बघू नये, मुलाला तडक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावं.